मुलाकडच्यांनी न्यायचं जेवण

माझ्या धाकट्या भावानं लग्न ठरवलं ते समुद्रावर आणि कळवलं ते जनावरांच्या छावणीत. त्या वर्षी पावसानं आमच्याकडे तोंडसुद्धा दाखवलं नव्हतं. नेकनूर सोडून लिंबागणेशकडे निघालं की दोन्ही बाजूंना नुसती भाजलेली जमीन. गावात टँकर आणि गावाबाहेरच्या माळावर छावणी. छावणी आमच्या गावच्या दूध संस्थेनं चालवायला घेतली होती आणि संस्थेचे चेअरमन होते आमचे वडील, म्हणजे अण्णा. दूध नव्हतं, पण चेअरमन होते.

छावणीत आमच्याही दोन म्हशी होत्या, त्यातली एक जेमतेम दुभती, आणि म्हशींबरोबर माय होती. जनावर छावणीत बांधलं की घरातलं एक माणूस तिथं राहायला लागायचं. आमच्या घरात 'एक माणूस' म्हणजे माय, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. ताडपत्रीच्या सावलीत तिची चूल, तिची वाकळ आणि शेजारी म्हशी. अण्णा रोज एकदा पांढरेशुभ्र कपडे घालून यायचे, खुर्चीत बसायचे, पेंडीच्या पोत्यांसमोर फोटो काढून घ्यायचे आणि जायचे.

त्या खुर्चीत असतानाच भावाचा फोन आला. तो एका प्रवासी जहाजावर स्वयंपाकी होता. त्याच जहाजावर पाव आणि केक भाजणारी एक फिलिपाइन्सची मुलगी त्याला आवडली होती.

अण्णांचा पहिला प्रश्न, "शेती किती हाय त्यायला?"

"शेती न्हाई, अण्णा. तिच्या आईची खानावळ हाय."

"आन् बाप?"

"बाप वारलेत. आईच हाय."

"मग बोलणी कुणासंगं करायची बे?"

मुलगी दुसऱ्या देशाची, दुसऱ्या धर्माची, डुक्कर खाणाऱ्यांतली. या सगळ्यापेक्षा अण्णांना हीच अडचण मोठी वाटली. बोलणी करायला पलीकडं पुरुष नाही.

मला मात्र भावानं वेगळा फोन केला. मी बीडला क्लासमध्ये इंग्रजी शिकवते, त्यामुळे घरातल्या सगळ्या परदेशी भानगडी माझ्याकडे येतात. तो म्हणाला, "ताई, ती आईच्या शब्दाबाहेर जाणार न्हाई. तिच्या आईनं हो म्हटलं तरच लग्न. आन् आईचं म्हणणं असं, की मुलाच्या घरच्यांनी येऊन रीतसर मागणी घालायची." मग म्हणाला, "तिनं न्हाई म्हटलं तर मी काय करू गं?" एवढा मोठा घोडा, पण आवाज रडवेला झाला होता. मला त्याची दया आली आणि रागही. दया त्याची आणि राग, आता हे सगळं अण्णांच्या हातात गेलं याचा.

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. तिकडच्या रीतीनं मागणी घालायला जाताना जेवण मुलाकडच्यांनी न्यायचं. रांधून न्यायचं किंवा तिथं जाऊन रांधायचं, पण वाढायचं मुलाकडच्यांनी. ही रीत त्यानं अण्णांना सांगितली तेव्हा अण्णा असे हसले की छावणीतल्या म्हशींनी माना वर केल्या. "मुलाकडचे डबे घेऊन जातेत व्हय बे? आपण लग्न जमवायला चाललाव का मजुरीला?" भाऊ गप्प बसला. गप्प बसलं की संकट टळतं, ही आमच्या घरातली जुनी समजूत आहे. आजवर एकही संकट तसं टळलेलं नाही.

अण्णांनी शाल घेतली आणि नारळ घेतला. जिथं चालताना नारळांना पाय ठेचकाळतात त्या देशात आमचे अण्णा बीडच्या मोंढ्यातून नारळ घेऊन निघाले. पेढेही न्यायचे होते, पण दूध संस्थेच्या चेअरमनला त्या वर्षी पेढ्यांपुरतं चांगलं दूध मिळालं नाही. माय आली नाही. "म्हशी कोण बघंल?" ती म्हणाली आणि विषय संपला. गेलो आम्ही तिघं: अण्णा, रजेवर आलेला भाऊ आणि दुभाषी म्हणून मी.

मुलीचं गाव देशाच्या उत्तरेला होतं. पुढं घर, मागं पत्र्याखाली खानावळ. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस धो धो पडत होता. पन्हाळीखाली एक बादली होती, ती भरून वाहत होती आणि कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. अण्णांना राहवेना. पाहुणे म्हणून घरात पाऊल टाकायच्या आधी त्यांनी ती भरलेली बादली उचलून बाजूला ठेवली आणि कोपऱ्यातली रिकामी बादली धारेखाली सरकवली. मुलीकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी म्हटलं, आमच्याकडे अशी पद्धत आहे. खोटं नव्हतं ते.

आत मुलीची आई, मुलगी आणि चार-दोन नातेवाईक बसले होते. मधल्या टेबलावर ताटल्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या. अण्णा वरबापाला शोभेल असे बसले. पाय फाकवून, हात मांड्यांवर, नजर छताकडे. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होतो, ते आमच्या बॅगांकडे बघत होते. मध्येच सगळे एकमेकांकडे बघून हसायचे आणि पुन्हा पाऊस ऐकत बसायचे.

बराच वेळ गेल्यावर अण्णा माझ्या कानाशी पुटपुटले, "पोहे न्हाई तर न्हाई. च्या तरी विचारावा की माणसानं."

तेवढ्यात मुलगी भावाकडे झुकून काहीतरी बोलली आणि भावाचा चेहरा उतरला. त्यानं मला सांगितलं, मी अण्णांना सांगितलं. "अण्णा, ते आपल्या जेवणाची वाट बघायलेत."

खरं सांगते, मला हसू आवरेना. माझं लग्न जमायच्या आधी किती जणांपुढं मी पोह्यांचा ट्रे धरला होता. मान खाली, पदर खांद्यावर, आणि समोर मांड्यांवर हात ठेवून बसलेले असेच वरबाप. कुणी पोह्यात मीठ कमी म्हणायचं, कुणी माझ्यात उंची कमी म्हणायचं. शेवटी एकाला पोहे आवडले आणि माझं लग्न झालं. आणि इथं आमचे अण्णा रिकाम्या हातांनी येऊन बसले होते आणि सगळी बैठक त्यांच्या ट्रेची वाट बघत होती. भावाचा जीव टांगणीला लागला होता म्हणून मी तोंडावर रुमाल धरला, नाहीतर मोठ्यानं हसले असते.

शेवटी मुलीची आईच उठली. ठेंगणी, दंडानं भक्कम बाई. मागं गेली आणि मोठं पातेलं घेऊन आली. आमचं घराणं मूळचं शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांचं, हे लेकीकडून ऐकून तिनं मुद्दाम बोकड कापला होता. आम्ही काही आणलं नाही तर पंचाईत नको, एवढा विचार करून ठेवला होता तिनं. बोकडाच्या आतड्या-वजडीचं पातळ कालवण, आलं आणि हिरवी मिरची घातलेलं, शेजारी भाताचा ढीग. एका वाडग्यात भेंडी, वांगं, कारलं असा आमच्या आठवडी बाजारातला माल होता, पण आंबवलेल्या मासळीत शिजवलेला. त्या वासानं आमचा भाऊसुद्धा थोडा मागं सरकला, आणि तो तर प्रेमात पडलेला होता.

अण्णा मात्र खुलले. "वजडी!" म्हणाले. बकऱ्याचं मांस ते अंधारातही ओळखतात. भाकरी नाही म्हणून एक सुस्कारा सोडला, भात कालवला आणि पहिला घास घेतला. आणि थांबले.

मीही घास घेतला. कडू! कडुलिंबाचा पाला चावल्यासारखं कडू.

आता इथं पित्ताबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे बकरं कापलं की पहिली काळजी पित्ताच्या पिशवीची. ती अलगद सोडवून लांब फेकायची. ती फुटली आणि हिरवा थेंब जरी मांसाला लागला तरी सगळ्या मटणाची वाट लागते. ज्याच्या हातून पित्त फुटतं त्याला गाव विसरत नाही. "पित्तफोड्या" म्हणून म्हातारपणापर्यंत चिडवतात. तेव्हा त्या पातेल्यात काय झालंय हे अण्णांना लगेच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. त्यांनी त्या बाईकडे पाहिलं. विधवा बाई, घरात पुरुष नाही, कुणीतरी अडाण्यानं बोकड कापला, पित्त फोडलं आणि आता पाहुण्यांपुढं हे वाढायची वेळ आली. अण्णांना तिची मनापासून कीव आली. जन्मात क्वचित येणारी चांगुलपणाची उबळ त्यांना नेमकी तिथं आली.

ते तिला म्हणाले, "असू द्या, बाई. मनाला लावून घेऊ नका. होतं कधीकधी. पित्त फुटलं म्हणून आमी काय सोयरीक मोडत न्हाई."

भाऊ मला डोळ्यांनी 'नको, नको' म्हणत होता. पण दुभाष्याचं काम मी नीट करायचं ठरवलं होतं. मी शब्दन् शब्द मुलीला सांगितला, मुलीनं अडखळत आईला सांगितला.

बाई उठली, आत गेली आणि एक छोटी वाटी घेऊन आली. वाटीत हिरवंगार पित्त आणि एक चमचा. ते फुटलं नव्हतं. तिनं मापून घातलं होतं. त्यांच्याकडे ते कालवण कडूच करतात, कमी कडू झालं तर गिऱ्हाईक परत पाठवतं. त्या कडू कालवणासाठी लांबलांबचे ट्रकवाले तिच्या दारात थांबतात.

एवढ्यावर दुसरा कुणी गप्प बसला असता. अण्णा म्हणाले, "बायकांची जातच अशी. चूक झाली म्हणून कबूल करत न्हाईत. आमच्या घरी बी फुटलंतं एकदा हिच्या मायच्या हातनं. म्या ताटच ढकलून दिलं. मग मुकाट्यानं दुसरं रांधलं तिनं."

हेही मी सांगितलं. का सांगणार नाही? ते ताट ढकललं गेलं तेव्हा मी तिथं होते. सारवलेल्या जमिनीवरून रस्सा पुसून घेणाऱ्या मायला मी पाहिलं होतं.

मुलीच्या आईनं चमचा वाटीत ठेवला. "ती कुठं आहे?" तिनं विचारलं.

"तिचे गुडघे दुखतेत," अण्णा म्हणाले.

मुलीनं भावाकडे पाहिलं. तिच्याशी खोटं बोलायची भावाची हिंमत नव्हती. त्यानं खरं ते सांगून टाकलं: दुष्काळ आहे, छावणी आहे, म्हशींपाशी माय आहे.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे जे बोलली ते मुलीनं मला सांगितलं आणि मी मोठ्या आनंदानं अण्णांना. "माझ्या मुलीला मागायला तिनं यावं. तिनं रांधावं, तिनं वाढावं. तिला बघितल्याशिवाय माझं उत्तर नाही."

"आन् म्हशी?" अण्णा म्हणाले.

बाईनं अण्णांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लेकीला विचारलं, "यांना म्हशी सांभाळता येत नाहीत का?"

गावात आल्यावर अण्णांनी जाहीर केलं की सोयरीक मोडली, त्या बाईला माणसाची किंमत कळत नाही. भाऊ जहाजावर परत गेला. मुलगी त्याच्याशी नीट बोलत होती, पण लग्नाचं नाव काढत नव्हती. त्याचे फोन यायचे आणि त्यात नुसतं, "पाऊस आला का गं, ताई?" पाऊस आला तर छावणी उठेल, छावणी उठली तर माय सुटेल. दर्यावर बसलेलं पोरगं बीड जिल्ह्यातल्या पावसाची चौकशी करत होतं. पाऊस काही येत नव्हता.

मी छावणीत जाऊन मायला सगळं सांगितलं. पित्ताचं, वाटीचं आणि त्या बाईनं अण्णांविषयी विचारलेल्या प्रश्नाचंसुद्धा. माय चारा कापत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मी जाते."

संध्याकाळी अण्णा आले, खुर्चीत बसले. तिनं त्यांनाही तेच सांगितलं.

"येडी का खुळी तू? आन् म्हशी?"

"तुमी हाय की," माय म्हणाली. "छावणीचे चेअरमन हाय न्हाई का?"

आजूबाजूच्या ताडपत्र्यांतून माणसं ऐकत होती. खाली मान घालून हसतही होती. चेअरमनसाहेब अडकले. नाही म्हणावं, तर जो माणूस गावाच्या जनावरांची छावणी चालवतो त्याला घरच्या म्हशी राखता येत नाहीत हे चारचौघांत कबूल करायचं. ते म्हणाले, "जा की. मला काय अवघड हाय व्हय?"

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला तो छावणीतच. कायमचा पत्ता विचारला तर मायनं ताडपत्रीकडे बोट दाखवलं. तोही शेतकऱ्याचाच पोरगा होता. हसला आणि तिच्या हातचा चहा पिऊन गेला.

मायनं बरोबर ज्वारीचं पीठ घेतलं, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि येसर घेतलं. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले काळपट होईपर्यंत भाजून केलेलं पीठ. लग्नाकार्याला त्याची झणझणीत आमटी केली नाही तर आमच्याकडे पंगत पुरी होत नाही. विमानात तिनं ती पिशवी मांडीवर धरली होती. खिडकीतून समुद्र दिसला तेव्हा शेजारी बसलेल्या मला म्हणाली, "येवढं पाणी, आन् काई उपेग न्हाई."

भाऊ आणि मुलगी जहाजावरून रजा काढून परस्पर तिथं आले होते. तिथं पोचल्यावर माय पाहुण्यासारखी बसली नाही, सरळ मागं खानावळीत गेली. दोघी बायकांना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पण चूल कुठली, पातेलं कुठलं, मीठ कुठं, हे काही विचारायला लागलं नाही. येसराचा रंग बघून मुलीच्या आईनं वास घेतला आणि लेकीकडून हळूच विचारून घेतलं, हे जळलंय की असंच असतं? "असंच असतंय," माय म्हणाली. बाईनं मान हलवली. मग मायनं ते कडू कालवण चाखलं. डोळे मिटले, गिळलं, आणि चमच्याकडे बोट करून विचारलं, किती? बाईनं बोटांनी माप दाखवलं.

संध्याकाळी सगळे बसले. या वेळी ताटल्या सुलट्या होत्या. मायनं उभं राहून सगळ्यांना भाकरी आणि आमटी वाढली. एका काकाला आमटीनं ठसका लागला, त्यानं घळाघळा डोळे पुसले आणि पुन्हा वाटी पुढं केली. मग सगळे थांबले. आता मागणी घालायची होती. मायनं हातातला डाव खाली ठेवला, पदराला हात पुसले. उभ्या जन्मात ती चार माणसांपुढं बोललेली नव्हती. मुलीनं माझा हात घट्ट धरला होता. तिची आई मायकडे बघत होती, नुसती बघत होती.

मायनं तोंड उघडलं आणि भावाचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. अण्णा.

भावानं घाईनं बंद करायला घेतला, पण बोट भलतीकडेच लागलं आणि पडद्यावर अण्णा आले. अंगात बनियन, डोक्याला टॉवेल, गालाला शेण. मागं म्हशीचं पोट.

"तुजी माय कुठं हाय?" ते ओरडले. "दे तिला! म्हैस पान्हा सोडंना. सकाळी बी दिलं न्हाई. कास दगडावानी झालीय तिची. लई तरास व्हायलाय तिला, आवाज काढायलीय. पेंड ठिवली, चुचकारलं, काईच न्हाई. आवं, तू काय म्हणती तिला? काय करती, सांग की!" अण्णांचा आवाज फाटला होता. माझ्या वडिलांना मी रडवेलं कधी बघितलं नव्हतं.

मागणी, पाहुणे, सगळं विसरून मायनं फोन हातात घेतला. "तिच्या कानापाशी धरा," ती म्हणाली. "आन् डावा हात तिच्या पाठीवर ठिवा. वडू नका, नुसता ठिवा."

मग ती म्हशीशी बोलायला लागली. "आले गं माय, आले. कावून रुसली? मी हाय न्हवं हितंच. सोड गं बाई, सोड. सोड माजे आई..." तेच तेच, हळू, आमच्या लहानपणी ताप आला की बोलायची त्या आवाजात. त्या परक्या घरात कुणी ताटलीचाही आवाज केला नाही. बराच वेळ फोनमधून नुसता म्हशीचा श्वास ऐकू येत होता. मग बादलीत एक बारीक धार वाजली. मग दुसरी. मग लागोपाठ.

मुलीच्या आईनं लेकीला विचारलं, लेकीनं मला. मी सांगितलं. बाई उठून मायच्या खांद्याशी आली आणि पडद्यात वाकून बघायला लागली. फोन आता कुणीतरी शेजाऱ्यानं धरला असावा, कारण अण्णा दोन्ही हातांनी धार काढत होते, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवून.

"हाच का तो?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

मग तिनं मायच्या हातात हात घातला आणि लेकीकडे वळून दोनच शब्द बोलली. मुलगी रडायलाच लागली. भावाला काही कळेना, तो वेड्यासारखा सगळ्यांची तोंडं बघत होता. तिनं त्याला सांगितलं तेव्हा तो मायच्या पाया पडायला धावला.

"अण्णा!" मी फोनवर ओरडले. "अण्णा, हो म्हणाल्या त्या! मुलगी दिली!"

अण्णांनी मान वर केली नाही.

"हळू बोल गं," ते म्हणाले, "बिचकंल ती."